बाटलीतले दोन तास

"बाई, तुमच्या पाण्यात माझा बटाटा फसफसाय लागलाय. ह्ये काय नवीन?"

तारेच्या कुंपणापलीकडून चतुराबाईने हाक मारली तेव्हा मी टाकीच्या तोटीखाली बाटली धरून उभी होते. गुरुवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि ऊन आत्ताच चटके देत होतं. दुसऱ्या दिवशी टाकीचं पाणी सोडायचा समारंभ होता. मांडववाले बांबू ठोकत होते आणि त्या वीस माणसांच्या जेवणाचं काम चतुराबाईने अंगावर घेतलं होतं.

"हाताला सोडा लागला असेल," मी तिकडे न बघताच म्हटलं.

"सोडा कशाचा? भजी न्हाई करत मी, भाजी करतीय. या, बगा तरी!"

मी वैतागूनच गेले. घमेल्यात बटाट्याच्या फोडी होत्या, काळ्या पडू नयेत म्हणून पाण्यात टाकलेल्या. प्रत्येक फोडीला बारीक पांढरे बुडबुडे चिकटले होते. त्यांच्या जोरावर एखादी फोड हलायची, वर यायची, परत खाली जायची.

"पाणी कुठलं घेतलंत?"

"तुमचंच की. त्या पायपातलं. टँकर आला न्हाई अजून. उद्या सायब लोक पेल्यानं पिणार म्हणं. मग माझ्या बटाट्याला काय धाड भरलीय?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कच्चा बटाटा कशात फेसाळतो हे मी बारावीच्या प्रयोगात बघितलेलं होतं. पाण्यात पेरॉक्साइड असलं की फेसाळतो. आणि टाकीतून बाहेर पडलेल्या पाण्यात पेरॉक्साइड फारसं उरत नाही, असं मी आठ महिने धरून चालले होते.

"टाकून द्या ते बटाटे."

"दोन किलो हायत!"

"टाका म्हणते ना!"

आठ महिन्यांत मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. "आरडू नका. टाकते," ती म्हणाली आणि घमेलं उपडं केलं.

ही टाकी म्हणजे देवस्थळी सरांचा जीव होता. मी त्यांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचंच तालुक्याच्या गावात रुग्णालय होतं, त्याचं सांडपाणी मागच्या ओढ्यात जायचं; टाकी तिथेच बांधली होती. रोगी माणसाला दिलेलं औषध सगळंच काही अंगात मुरत नाही. बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं, गटारात येतं, आणि गटारातले जंतू त्या औषधात राहून राहून निगरगट्ट होतात. सरांनी भाजलेल्या मातीच्या गोळ्यांवर लोखंडाचा थर दिला होता. त्या गोळ्या टाकीत, वरून पेरॉक्साइडची धार. गोळ्यांना लागलं की पेरॉक्साइड फुटतं, आणि त्यातून जे निपजतं ते औषधाचे तुकडे करतं आणि जंतूंनाही जाळतं. गोळ्या तशाच राहतात, फक्त काम करवून घेतात. "मुकादमासारख्या," असं सर चतुराबाईला समजावून सांगायचे.

"म्हंजे आयतखाऊ," ती म्हणायची. सर खो खो हसायचे. त्या दोघांचं बरं जमायचं.

चतुराबाईचं अर्धा एकर रान ओढ्याला लागून होतं. विहीर आटलेली. पूर्वी ती ओढ्याच्याच पाण्यावर कोथिंबीर घ्यायची. मग नवऱ्याच्या पायाला फावडं लागलं. जखम एवढीशी, पण ती भरेना. याच रुग्णालयात तीन महिने काढले, एकामागून एक औषधं बदलली, शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. वर्षभरात माणूसही गेला. तेव्हापासून ती ओढ्याचं पाणी रानाला लावत नव्हती. "कच्ची खात्यात कोथमीर लोकं," एवढंच म्हणायची. रान पडून, आणि ती लोकांच्या घरी भाकऱ्या थापत होती.

टाकी उभी राहिली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने कुंपणाशी येऊन मला विचारलं होतं, "कवा लावू ह्ये पाणी?"

"जंतू शून्य यायला लागले की."

"मला कसं कळायचं?"

"मी सांगेन."

मग दर गुरुवारी तोच खेळ. मी आदल्या आठवड्याचा आकडा घेऊन यायचे, ती रानातून ओरडायची, "आलं का?" आणि मी अंगठा आणि बोट जुळवून शून्य दाखवायचे. आठ महिने शून्य. तिने वाफे बांधले, बांध घातले, धने रगडून ठेवले. तरी रानाला पाणी घेतलं नाही. संस्थेचे अध्यक्ष स्वतः उद्या पाण्याची चावी फिरवणार होते, मगच घेणार होती.

मी टाकीच्या सावलीला दगडावर बसले आणि डोकं धरलं.

चूक कुठे झाली हे शोधावंच लागलं नाही. ती माझ्या हातातच होती. कॉलेजात यायच्या आधी अकरा वर्षं मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नमुने तपासले. तिथे पाण्यात क्लोरीन असतं. ते बाटलीतच मारलं नाही तर वाटेत जंतूंना खातं आणि आकडा खोटा येतो. म्हणून बाटलीत आधीच हायपो नावाच्या क्षाराची चिमूट टाकायची. अकरा वर्षं टाकली. इथे आले, बाटल्या धुतल्या, चिमूट टाकली. पण हायपो क्लोरीनला क्षणात मारतो. पेरॉक्साइडपुढे तो ढिम्म हलत नाही. सरांनी सुरुवातीला एकदा विचारलंही होतं, "खटावकर, बाटलीत उरलेलं मारतोय ना आपण?" आणि मी बाटल्या पुसता पुसता म्हटलं होतं, "हो सर, आहे घातलेलं." त्यांनी परत विचारलं नाही. खटावकर म्हणतेय म्हणजे आहे, असं ते धरून चालायचे.

टाकीत पाणी राहायचं चाळीस मिनिटं. मग ते माझ्या बाटलीत यायचं, बाटली पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर, आणि एसटीने शहरातल्या कॉलेजात पोचायला दोन तास. जंतू टाकीत मरतच नव्हते. ते माझ्या मांडीवर, एसटीत मरत होते.

मी उठले आणि जे करायचं ते केलं. हातपंपाची छोटी गाळणी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून मागून आणली. एक नमुना तिथल्या तिथे गाळला, कागद स्वच्छ पाण्याने धुतला, ताटलीत ठेवला. दुसरा नेहमीसारखा बाटलीत ठेवून दोन तासांनी गाळला. दोन्ही ताटल्या तिथल्याच उबवणीच्या पेटीत ठेवल्या. मग सरांना फोन केला. सर दुपारी उद्याची तयारी बघायला येणारच होते.

ते आले तेव्हा तीन वाजले होते. आधीच थकलेले दिसत होते. आमंत्रणपत्रिका, हार, अध्यक्षांची खुर्ची, फोटोवाला, असल्या कामांनी ते पार मेटाकुटीला यायचे. मी त्यांना टाकीशी नेलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, एवढं मात्र माझ्या बाजूने म्हणता येईल.

सर कट्ट्यावर बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाटल्या तुम्हीच भरत होता."

"हो सर."

"हायपो तुम्हीच."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो सर. विचारलं होतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पलीकडे बांबू ठोकल्याचे आवाज येत होते.

"औषधांचे आकडे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ते पुण्याहून आलेले आहेत सर. तिथे त्यांनी पेरॉक्साइड मारूनच तपासलं होतं. ते खरे आहेत. औषधं खरंच जातात."

"म्हणजे अर्धं खरं." ते कसंनुसं हसले. "सहा वर्षांत अर्धं. वाईट नाही."

"सर, उद्याचं पुढे ढकलता येईल का?"

"अध्यक्षांची तारीख चार महिन्यांनी मिळालीय, खटावकर." मग जरा थांबून म्हणाले, "आणि ताटल्या अजून उघडायच्या आहेत. तुमचा अंदाज चुकू शकतो. सकाळी बघू. मी दमलोय हो आता."

मी घरी गेले. नवऱ्याचा कारखाना दोन वर्षं बंद होता, मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. माझा पगार आला की घरात भाजी यायची. कुणाला काही बोलले नाही. जेवण गेलं नाही, झोपही लागली नाही. मला सारखं एवढंच दिसत होतं की आता चौकशी बसणार आणि मला काढणार. कोथिंबीर, चतुराबाई, जंतू, त्यातलं काही म्हणजे काही माझ्या मनात नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

सकाळी आठला आम्ही दोघांनी पेटी उघडली. दोन तास बाटलीत ठेवलेल्या पाण्याची ताटली कोरी करकरीत. तिथल्या तिथे गाळलेल्या ताटलीवर मोहरी सांडावी तसे ठिपके होते. मोजायला घेतले. शंभराच्या पुढे सर म्हणाले, "पुरे."

मी ताटली हातात धरून उभी राहिले. काय करायचं हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. फक्त जाताना म्हणाले, "चतुराबाईंकडे एखादा बटाटा असेल तर मागून आणा."

अकरा वाजता अध्यक्ष आले. पन्नासेक माणसं होती. कुंपणापलीकडे चतुराबाई नवं लुगडं नेसून, हातात फावडं घेऊन पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी उभी होती. चावी फिरली की पाणी तिच्याकडे जाणार होतं. तिने माझ्याकडे बघून बोटांचं शून्य करून दाखवलं आणि हसली. मी मान खाली घातली.

ठरलं होतं ते असं, की सर टाकीचं पाणी पेल्यात घेणार आणि सगळ्यांसमोर पिणार. तशी पत्रिकेत ओळही होती. भाषणं झाली. मी ट्रेमध्ये पेला घेऊन सरांशेजारी गेले. फोटोवाला पुढे सरसावला. सरांनी पेला उचलला, उजेडात धरला. पाणी कसं आरशासारखं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सरांनी खिशातून बटाट्याची चकती काढली आणि पेल्यात टाकली.

लोकांना वाटलं काही गंमत आहे. एकदोघे हसलेसुद्धा. चकतीला बुडबुडे धरले, ती वर आली.

"हे पाणी मी पिणार नाही," सर म्हणाले. आवाज अगदी साधा, वर्गात शिकवावं तसा. "यात जंतू आहेत. औषधं गेलीत, ते खरं आहे. जंतू गेलेत असं आम्ही आठ महिने सांगत होतो, ते चूक आहे. नमुने कसे घ्यायचे ती पद्धत मी ठरवली होती. त्यात माझी चूक झाली. अध्यक्षसाहेबांनी कृपा करून चावी फिरवू नये."

मी ट्रे धरून त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. पद्धत त्यांनी ठरवली नव्हती. तोंड उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं, "सर, ती चूक माझी होती." एवढंच. मी ते बोलले नाही. अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला, कुणीतरी "हे आधी कळत नव्हतं का?" असं मोठ्याने म्हणालं, आणि सर मान हलवून त्यालाही "नाही कळलं" म्हणाले. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते. कदाचित नसतेही.

माणसं पांगली. अध्यक्ष न जेवता गेले. सर कट्ट्यावर बसून पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काहीतरी काढत होते. मी जवळ गेले.

"सर, तुम्ही का..."

"मी अकरा दिवसांनी निवृत्त होतोय, खटावकर. तुमची अकरा वर्षं राहिलीयत. साधा हिशेब आहे." त्यांनी कागद माझ्यापुढे केला. "हे बघा. एसटीत दोन तास पाणी बसलं की जंतू मरतात, हे आपण आठ महिने न चुकता सिद्ध केलंय. मग पाण्याला इथेच दोन तास बसवू. दुसरी टाकी. आणि शेवटी गोळ्यांचा आणखी एक थर, उरलंसुरलं पेरॉक्साइड फोडायला. नवा माणूस आला की त्याला हे द्या."

मी कागद घेतला. सरांना मदत करायला खाली वाकले, त्यांची पिशवी उचलली, रिक्षापर्यंत पोचवलं. सगळं केलं, फक्त बोलले नाही.

परत आले तर चतुराबाई कुंपणाशी उभी. रगडलेल्या धन्याचं गाठोडं कमरेला तसंच.

"सर कशापायी खोटं बोललं?" तिने विचारलं.

"काय खोटं?"

"त्येंची चूक म्हणून. बाटल्या तर तुमी भरत हुता. मी काय आंधळी हाय? आठ म्हैने हितनं बघतीय."

तिने थोडा वेळ वाट बघितली. मग फावडं खांद्यावर टाकलं आणि भाकऱ्या थापायला निघून गेली. पुढच्या गुरुवारी ती रानात नव्हती. त्याच्या पुढच्या गुरुवारी होती, पण "आलं का?" म्हणून ओरडली नाही.

सरांच्या निवृत्तीला निरोप समारंभ झालाच नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात "प्रकल्पप्रमुखांची घोडचूक" असा मथळा होता. सर पुण्याला मुलीकडे गेले. पहिल्या दिवाळीला मी फोन केला, प्रकृती विचारली, आणि खरं बोलायचं पुढच्या दिवाळीवर ढकललं. दुसऱ्या दिवाळीला फोन मुलीने उचलला. बाबा भाद्रपदातच गेले, म्हणाली. मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून हमसून हमसून रडले. कशाला रडतेस म्हणून नवऱ्याने विचारलं, त्यालाही सांगितलं नाही.

दुसरी टाकी मंजूर व्हायला दोन वर्षं गेली. सरांच्या त्या पेन्सिलीच्या चित्राबरहुकूम बांधली. आता मी नमुने तिथल्या तिथे गाळत होते, आणि दुसऱ्या माणसाकडून वेगळे तपासून घेत होते. चौदा आठवडे ओळीने शून्य आलं. पंधराव्या गुरुवारी मी कुंपणाशी गेले. चतुराबाई तिच्या कोरड्या रानात शेळीला पाला घालत होती.

मी हात वर केला आणि बोटं जुळवली.

ती जागची हलली नाही. मग सावकाश घरात गेली आणि परत आली ती हातात बटाटा आणि विळी घेऊन, कमरेला धन्याचं गाठोडं बांधून. कुंपणाला आता फाटक केलं होतं, त्यातून आत आली. माझ्याशी एक शब्द न बोलता तोटीखाली तांब्या भरला, चकती कापून आत टाकली, आणि उकिडवी बसून बघत राहिली. मीही बसले. चकती तळाशी पडून राहिली. एक बुडबुडा नाही.

पाचेक मिनिटांनी चतुराबाई म्हणाली, "बटाटा गप हाय. आता तुमी बोला."

"काय बोलू?"

"सर गेलं म्हणं."

"हो."

"त्या दिशी तुमी गप का बसलासा, ते सांगा. मग पाणी घीन."

तिच्या नवऱ्याचा पाय, माझी नोकरी, मुलीची फी, सरांचे अकरा दिवस, सगळं आठवलं. एवढी वर्षं मनातल्या मनात तयार केलेली उत्तरं होती माझ्याकडे, चांगली लांबलचक. त्यातलं एकही तिच्यासमोर टिकलं नसतं.

"घाबरले होते मी, चतुराबाई. दुसरं काही नाही. चूक माझी होती, आणि मी घाबरले."

नंतर तिने तांब्यातलं पाणी चुळकाभर तोंडावर मारलं, पदराने पुसलं, आणि उठून फावडं घेतलं. पहिल्या वाफ्याचा बांध ती एका घावात फोडू शकली असती. तिने तो सावकाश, तीन-चार घावांत फोडला.

"सोडा," ती म्हणाली.

मी चावी फिरवली. पाणी वाळक्या पाटातनं गेलं, वाटेत बरंचसं मातीनेच पिऊन टाकलं, आणि मग वाफ्यात शिरलं. चतुराबाईने कमरेचं गाठोडं सोडून मूठभर धने माझ्या हातात दिले. कसे टाकायचे ते मला येत नव्हतं. तिने दाखवलं.